लिनक्स कर्नलमधील यूएसबी ड्रायव्हरची देखभाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना सी भाषा येते, कर्नल स्वतः बांधून चालवता येतो आणि एखाद्या यूएसबी ड्रायव्हरची जबाबदारी ज्यांच्याकडे आली आहे किंवा येऊ घातली आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून कसा लिहावा याचे मार्गदर्शन येथे नाही. लिहिलेला ड्रायव्हर वर्षानुवर्षे नीट चालत राहावा यासाठी काय करावे लागते, एवढाच विषय आहे.

ड्रायव्हर एकदा चालू लागल्यावर देखभालीचे काम उरतेच कोणते?

बरेच उरते, आणि त्यातला मोठा भाग उपकरण सुरळीत चालू असतानाच्या कोडशी संबंधित नसतो. सर्वसाधारण यूएसबी ड्रायव्हरमध्ये माहिती पाठवण्याचे आणि घेण्याचे काम थोड्या ओळींत आटोपते. उपकरण मध्येच काढले गेले, उत्तर अर्धवट आले, उत्तरच आले नाही, संगणक निद्रावस्थेत गेला किंवा मेमरी मिळाली नाही, तर काय करायचे, हे सांगणारा कोड त्याहून कितीतरी मोठा असतो. रोजच्या वापरात हा कोड क्वचितच चालतो आणि म्हणूनच चुका तिथे वर्षानुवर्षे दडून राहतात. मेंटेनरने, म्हणजे ड्रायव्हर सांभाळणाऱ्याने, दोन गोष्टी कायम गृहीत धराव्यात : उपकरण कोणत्याही क्षणी नाहीसे होऊ शकते, आणि उपकरण स्वतःविषयी जे सांगते ते खरे असेलच असे नाही. पुढील बहुतेक उत्तरे या दोन गृहीतकांतूनच निघतात.

याखेरीज नव्या मॉडेलांचे आयडी जोडणे, बगच्या तक्रारींना उत्तरे देणे, इतरांचे पॅच (कोडमधले बदल) तपासणे आणि कर्नलची अंतर्गत रचना बदलली की तिच्याशी ड्रायव्हर जुळवून घेणे ही नित्याची कामे आहेतच.

ड्रायव्हर कर्नलमध्येच असायला हवा का? लिबयूएसबी वापरून काम भागत नाही का?

अनेकदा भागते, आणि भागत असेल तर तोच मार्ग निवडावा. उपकरण इतर प्रोग्रामांना डिस्क, नेटवर्क कार्ड, सीरियल पोर्ट, कळफलक किंवा कॅमेरा म्हणून दिसायला हवे असेल, तर कर्नलमध्ये ड्रायव्हर लागतो, कारण त्या त्या उपप्रणाली कर्नलमध्ये आहेत. पण उपकरणाशी एकच प्रोग्राम बोलणार असेल आणि त्याची संदेशपद्धती दुसऱ्या कोणत्याही उपप्रणालीत बसत नसेल, तर यूजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या सामान्य प्रोग्राममधून, लिबयूएसबी या लायब्ररीच्या मदतीने ते काम अधिक सुरक्षितपणे होते. तिथे चूक झाली तर एक प्रोग्राम बंद पडतो. कर्नलमध्ये चूक झाली तर संपूर्ण यंत्र धोक्यात येते.

याचे बोलके उदाहरण म्हणजे रिओ ५०० या एमपी३ प्लेअरचा ड्रायव्हर. तो २०१९ मध्ये कर्नलमधून काढला गेला, परंतु त्याचे वापरकर्ते २००१ च्या सुमारासच यूजरस्पेसमधील साधनांकडे वळले होते. मधल्या काळात त्या कोडचा उपयोग जवळजवळ कोणालाच नव्हता, पण त्यातले दोष मात्र कर्नलच्या खात्यावर राहिले. नवा ड्रायव्हर स्वीकारण्यापूर्वी मेंटेनरने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असे माझे मत आहे. नकार देणे पहिल्या दिवशी जितके सोपे असते तितके ते दहा वर्षांनी राहत नाही.

कोणत्या उपकरणाला कोणता ड्रायव्हर द्यायचा, हे कर्नलला कसे कळते?

प्रत्येक यूएसबी उपकरण आपल्या डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे स्वतःची ओळख सांगणाऱ्या नोंदीत, १६ बिटांचा उत्पादक आयडी आणि १६ बिटांचा उत्पादन आयडी सांगते. उत्पादक आयडी यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम ही संस्था देते आणि उत्पादन आयडी उत्पादक स्वतः ठरवतो. ड्रायव्हरमध्ये या जोड्यांचा तक्ता असतो आणि मॉड्यूल बांधताना त्या तक्त्यावरून एलियास तयार होतात. उपकरण जोडले गेले की कर्नल त्याची ओळख सांगणारा संदेश प्रसृत करतो, यूजरस्पेसमधली यूडेव्ह ही सेवा तो ऐकते आणि मॉडप्रोब योग्य ते मॉड्यूल चढवतो. काही ड्रायव्हर आयडीऐवजी इंटरफेसच्या (उपकरणाच्या एकेका कामाच्या भागाच्या) वर्गावरून जुळतात : एचआयडीचा (कळफलक, माउस इत्यादी) वर्ग ०३, मास स्टोरेजचा ०८, हबचा ०९. अशा वर्गांतल्या उपकरणांना नवा आयडी जोडण्याची गरजच पडत नाही, आणि ज्या उत्पादकाने प्रमाणित वर्ग पाळला त्याचे उपकरण बाजारात येण्याच्या दिवसापासून चालते.

येथे एक बारकावा नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटतो. ड्रायव्हर उपकरणाला बांधला जात नाही, तर त्याच्या एकेका इंटरफेसला बांधला जातो. एकाच उपकरणात तीन इंटरफेस असतील, तर त्यांना तीन वेगळे ड्रायव्हर असू शकतात.

फक्त एक नवा आयडी जोडायचा आहे. एका ओळीच्या पॅचसाठी इतकी माहिती का मागितली जाते?

कारण ती एक ओळ चुकीच्या इंटरफेसवर ताबा मिळवू शकते. मोबाइल नेटवर्कच्या मॉडेममध्ये निदानासाठी एक, एटी आज्ञांसाठी एक आणि नेटवर्कसाठी एक असे वेगवेगळे इंटरफेस असतात आणि बहुधा ते सगळेच उत्पादकाच्या खासगी वर्गात मोडतात. ऑप्शन या सीरियल ड्रायव्हरमध्ये असा मॉडेम सरसकट जोडला, तर तो नेटवर्कचा इंटरफेसही बळकावतो आणि मग क्यूएमआय डब्ल्यूवॅन या नेटवर्क ड्रायव्हरला काहीच उरत नाही. म्हणून पॅचसोबत यूएसबी-डिव्हाइसेस या आज्ञेचे संपूर्ण उत्तर आणि कोणता इंटरफेस कशासाठी आहे याचे वर्णन मागितले जाते. जे इंटरफेस या ड्रायव्हरचे नाहीत ते तक्त्यात राखीव म्हणून नोंदवावे लागतात.

कर्नल न बांधताही आयडीची चाचणी करता येते. सिसएफएस या कर्नलच्या आभासी फाइलव्यवस्थेत ड्रायव्हरच्या नावाच्या डिरेक्टरीत न्यू_आयडी नावाची फाइल असते. तिच्यात उत्पादक आणि उत्पादन यांचे आयडी लिहिले की चालू कर्नलमधला ड्रायव्हर ते उपकरण तात्पुरते स्वीकारतो. तक्रार करणाऱ्या व्यक्तीला कर्नल बांधता येत नसेल, तर आधी ही चाचणी करून घ्यावी.

प्रोब फंक्शनमध्ये कोणत्या गोष्टी तपासल्या पाहिजेत?

प्रोब म्हणजे उपकरण जुळल्यावर ड्रायव्हरचे पहिल्यांदा चालणारे फंक्शन. त्यात उपकरणाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट तपासली पाहिजे. अनेक जुने ड्रायव्हर असे गृहीत धरतात की पहिला एंडपॉइंट (माहितीच्या देवाणघेवाणीचे टोक) बल्क-इन, म्हणजे उपकरणाकडून माहिती घेणारा, आणि दुसरा बल्क-आउट, म्हणजे त्याच्याकडे पाठवणाराच असणार, कारण लेखकाच्या टेबलावरचे उपकरण तसे होते. परंतु तोच आयडी सांगणारे आणि एकही एंडपॉइंट नसलेले उपकरण कोणीही तयार करू शकतो, आणि मग ड्रायव्हर अस्तित्वात नसलेला पॉइंटर वाचायला जातो. कमाल पॅकेट आकार शून्य असल्याचे सांगणारे उपकरण आणि त्या आकाराने बेधडक भागाकार करणारा ड्रायव्हर, ही जोडीही प्रत्यक्षात आढळलेली आहे.

२०१७ मध्ये आलेल्या ४.१२ आवृत्तीपासून आवश्यक प्रकारचे एंडपॉइंट शोधून देणारी सामायिक फंक्शने यूएसबी कोअरमध्ये, म्हणजे सर्व यूएसबी ड्रायव्हरांच्या सामायिक कोडमध्ये, आहेत. एंडपॉइंट सापडले नाहीत तर ती त्रुटी परत करतात, आणि प्रोबने तिथेच माघार घ्यावी. जुन्या ड्रायव्हरमधला हाताने लिहिलेला शोधाचा लूप काढून ही फंक्शने बसवणे हे देखभालीतले सर्वांत लाभदायक छोटे काम आहे. डिस्क्रिप्टरमधले बहुबाइटी आकडे लिटल एंडियन क्रमात असतात, त्यामुळे ते रूपांतर करूनच वाचावेत. एक्स८६ वर ही चूक दिसत नाही, पण स्पार्स हे तपासणी साधन ती दाखवून देते.

प्रोबमधला क्रमही महत्त्वाचा आहे. उपकरणाची नोंदणी ही नेहमी शेवटची पायरी असावी. नोंदणी होताच यूजरस्पेसमधला प्रोग्राम ते उपकरण उघडू शकतो, मग प्रोब फंक्शन अजून परतलेले नसले तरीही. लॉक आणि बफर नोंदणीनंतर तयार होत असतील, तर तेवढ्या फटीतून यंत्र कोसळू शकते.

डिस्कनेक्ट फंक्शनविषयी इतकी चिंता का केली जाते?

कारण देखभालीत सापडणाऱ्या गंभीर दोषांपैकी फार मोठा हिस्सा याच ठिकाणी असतो. उपकरण काढले गेले त्या क्षणी ड्रायव्हरच्या मेमरीवर तीन बाजूंनी हक्क असू शकतो : यूएसबी कोअर, उपकरणाची फाइल उघडून बसलेला प्रोग्राम, आणि अजून पूर्ण न झालेले यूआरबी (यूएसबी व्यवहाराच्या विनंत्या). यांपैकी कोण आधी बाजूला होईल हे सांगता येत नाही. डिस्कनेक्टमध्येच ती मेमरी मोकळी केली, तर नंतर फाइल बंद करणारा प्रोग्राम मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लावतो. कधीच मोकळी केली नाही, तर प्रत्येक जोडणीगणिक मेमरी गळत राहते. म्हणून संदर्भगणना ठेवावी लागते आणि शेवटचा हक्कदार बाजूला झाल्यावरच मेमरी सोडावी लागते.

डिस्कनेक्टचा क्रम साधारणपणे असा असावा. आधी नोंदणी रद्द करावी, म्हणजे नवे कोणी उपकरण उघडू शकणार नाही. मग वाचन आणि लेखन ज्या म्यूटेक्सखाली चालते तोच घेऊन उपकरण गेल्याची खूण करावी, जेणेकरून आधीच उघडलेल्या फाइलमधून येणाऱ्या पुढच्या प्रत्येक विनंतीला ईनोडेव्ह (असे उपकरण नाही) हे उत्तर मिळेल. त्यानंतर चालू यूआरबी थांबवावेत, प्रतीक्षेत झोपलेल्या प्रक्रियांना जागे करावे आणि सर्वांत शेवटी आपला संदर्भ सोडावा. यूएसबी_किल_यूआरबी हे फंक्शन यूआरबी पूर्ण होईपर्यंत थांबते आणि तेवढ्या काळात तो पुन्हा पाठवू देत नाही. मात्र टायमर किंवा वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) तोच यूआरबी काही क्षणांनी पुन्हा पाठवणार असेल, तर एवढे पुरत नाही. अशा वेळी यूएसबी_पॉइझन_यूआरबी वापरून तो कायमचा रोखावा आणि मग टायमर रद्द करावा.

आणखी दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा, की डिस्कनेक्ट झाले म्हणजे उपकरण काढलेच गेले. मॉड्यूल उतरवले किंवा सिसएफएसमधून ड्रायव्हर सोडवला, तरी हेच फंक्शन चालते आणि उपकरण जागेवरच असते. त्याला सुस्थितीत सोडून देणे हेही ड्रायव्हरचे काम आहे. दुसरा असा, की हे फंक्शन एकदाच चालते. सीडीसी एसीएमसारखा ड्रायव्हर नियंत्रण आणि माहिती असे दोन इंटरफेस ताब्यात घेतो. त्यामुळे दोन्हींसाठी डिस्कनेक्टची हाक येते आणि दुसऱ्या हाकेला करण्यासारखे काही उरलेले नाही, हे ड्रायव्हरने ओळखायचे असते.

नमुना म्हणून कर्नलमध्ये यूएसबी-स्केलेटन ही फाइल दिलेली आहे. तिच्यातही उपकरण काढण्याच्या वेळच्या शर्यतीचे दोष वेळोवेळी दुरुस्त करावे लागले आहेत, त्यामुळे फार पूर्वी तिच्यावरून बेतलेल्या ड्रायव्हरमध्ये ते जुने दोष शिल्लक आहेत का, हे जरूर पाहावे.

यूआरबीच्या कम्प्लिशन हँडलरमध्ये कोणती पथ्ये पाळावीत?

हा हँडलर म्हणजे यूआरबी पूर्ण झाल्यावर चालणारे फंक्शन. तिथे झोपता येत नाही, हे पहिले पथ्य. त्यामुळे म्यूटेक्स घेणे, समकालिक कंट्रोल संदेश पाठवणे किंवा जीएफपी_कर्नल ही खूण देऊन मेमरी मागणे, यांपैकी काहीही तेथे चालत नाही. मेमरी जीएफपी_अॅटॉमिक देऊनच मागावी.

दुसरे पथ्य स्थितीसंकेतांविषयी आहे. ईनोएंट, ईकनरीसेट किंवा ईशटडाउन आला, तर यूआरबी मुद्दाम थांबवला गेला आहे किंवा उपकरण गेले आहे असे समजावे आणि तो पुन्हा पाठवू नये. ईपाइप म्हणजे एंडपॉइंट अडला आहे. तो मोकळा करण्यासाठी कंट्रोल संदेश लागतो आणि तो झोपू शकत असल्याने ते काम वर्कक्यूकडे सोपवावे. सर्वांत अवघड प्रकार ईप्रोटो, ईआयएलएसईक्यू आणि ईटाइम यांचा. ही तारेतल्या क्षणिक गडबडीची खूण असू शकते किंवा उपकरण नुकतेच काढले गेल्याचीही असू शकते. हबकडून काढल्याची बातमी येईपर्यंत काही काळ जातो. तेवढ्या काळात यूआरबी लगेच लगेच पुन्हा पाठवणारा ड्रायव्हर त्रुटींचा पूर आणतो, लॉग भरून टाकतो आणि क्वचित एखादा प्रोसेसर पूर्णपणे अडकवतो. एचआयडी ड्रायव्हरची पद्धत अनुकरणीय आहे : पहिल्या त्रुटीनंतर तो १३ मिलिसेकंद थांबतो, पुढे थांबण्याचा काळ वाढवत जातो आणि त्रुटी येतच राहिल्या तर शेवटी उपकरण रीसेट करतो.

तिसरे पथ्य लांबीचे. मागितलेले बाइट आणि मिळालेले बाइट यांत फरक असू शकतो. प्रत्यक्ष लांबी न पाहता बफर वाचला, तर त्यात पूर्वी पडून असलेली कर्नलची माहिती यूजरस्पेसमध्ये झिरपू शकते. कंट्रोल संदेशांसाठी ५.१० आवृत्तीत आलेले यूएसबी_कंट्रोल_एमएसजी_रिसीव्ह हे फंक्शन अर्धवट उत्तराला त्रुटीच मानते, त्यामुळे नवा कोड त्यावरच लिहावा.

बफर स्टॅकवर ठेवला तर काय बिघडते? पूर्वी तर चालत होता.

होस्ट कंट्रोलर (संगणकातला यूएसबी नियंत्रक) हा बफर डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट वाचतो किंवा लिहितो, आणि स्टॅकवरची मेमरी डीएमएसाठी योग्य असण्याची हमी कधीच नव्हती. ४.९ आवृत्तीपासून एक्स८६ वर स्टॅक आभासी पत्त्यांवर मांडता येऊ लागला आणि तोवर नशिबाने चालणारे अनेक ड्रायव्हर एकाएकी बंद पडले. बफर केमॅलॉकनेच घ्यावा. तो मोठ्या स्ट्रक्चरच्या पोटात इतर घटकांना लागूनही ठेवू नये. ज्या प्रोसेसरांत कॅश आणि डीएमए यांचा मेळ आपोआप बसत नाही, तिथे एकाच कॅशलाइनमधले शेजारचे घटक बिघडतात आणि तो दोष शोधायला फार त्रास होतो.

वीज वाचवण्याच्या आधाराची देखभाल कशी करावी?

येथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संपूर्ण यंत्र निद्रावस्थेत जाणे ही एक. केवळ निष्क्रिय उपकरण निजवणे, म्हणजे ऑटोसस्पेंड, ही दुसरी. पहिलीसाठी ड्रायव्हरमध्ये सस्पेंड, रिझ्यूम आणि रीसेट_रिझ्यूम ही फंक्शने असावीत. शेवटच्या फंक्शनचे महत्त्व असे, की निद्रेत उपकरणाची वीज पूर्ण गेली तर त्याची अंतर्गत स्थिती पुसली जाते आणि ती पुन्हा भरावी लागते. ते फंक्शन नसेल तर यूएसबी कोअर ड्रायव्हर सोडवून पुन्हा बांधतो.

ऑटोसस्पेंडचा मूळ विलंब २ सेकंदांचा आहे, पण हब वगळता बहुतेक उपकरणांसाठी तो मुळात बंद ठेवलेला असतो. याचे कारण असे, की निजल्यावर नीट न उठणारी उपकरणे पुष्कळ आहेत. ड्रायव्हरने आधार द्यावा आणि तो चालू करण्याचा निर्णय यूडेव्हच्या नियमांवर सोडावा, ही विभागणी मला योग्य वाटते. अंमलबजावणीत एक सापळा आहे : उपकरण जागे करण्याची विनंती करताना जो म्यूटेक्स हातात आहे, तोच रिझ्यूम फंक्शनही मागत असेल तर दोघेही कायमचे अडकतात.

रीसेट आणि निद्रेशी संबंधित फंक्शनांत मेमरी जीएफपी_एनओआयओ या खुणेनेच मागावी. मेमरी कमी असेल तर कर्नल पाने डिस्कवर लिहायला जातो, आणि ती डिस्क याच उपकरणातली असेल तर लिहिण्यासाठी आधी रीसेट पूर्ण होणे आवश्यक असते. नेटवर्क किंवा सीरियल ड्रायव्हरलाही हे लागू पडते, कारण एकाच संयुक्त उपकरणात डिस्कही असू शकते.

उपकरणच सदोष असेल तर ड्रायव्हरने काय करावे?

त्याच्यासाठी क्वर्क, म्हणजे त्या दोषापुरती अपवादात्मक वागणूक, नोंदवावा. सर्वसाधारण दोषांचा तक्ता यूएसबी कोअरमधल्या क्वर्क्स.सी या फाइलमध्ये आहे, डिस्कांसाठी अनयूज्वल_डेव्ह्ज.एच आणि अनयूज्वल_यूएएस.एच या फाइली आहेत. नोंदी आयडीच्या क्रमाने लावायच्या असतात आणि तो क्रम पाळला नाही, तर पॅच परत येतो. पॅच लिहिण्यापूर्वी वापरकर्त्याकडून चाचणी करून घेण्यासाठी कर्नलच्या आज्ञाओळीवर यूएसबीकोअरचे किंवा यूएसबी-स्टोरेजचे क्वर्क्स हे पॅरामीटर देता येते. उदाहरणार्थ, यूएएस या नव्या पद्धतीत अडकणाऱ्या डिस्कसाठी यू हे अक्षर दिले की ती जुन्या बल्क-ओन्ली पद्धतीने चालते.

क्वर्क जितका अरुंद ठेवता येईल तितका ठेवावा. एका मॉडेलच्या दोषासाठी उत्पादकाच्या सगळ्याच उपकरणांचा वेग कमी करणे हा बाकीच्या वापरकर्त्यांवर अन्याय आहे. आणि क्वर्क लिहिण्यापूर्वी दोष खरोखर उपकरणाचाच आहे का, याची खात्री करावी. उपकरणाच्या माथी मारलेला दोष पुढे ड्रायव्हरच्याच चुकीच्या क्रमामुळे होता असे निघाले, तर तो क्वर्क काढून टाकायला नंतर कोणीही धजावत नाही.

बगची तक्रार आल्यावर काय मागावे?

कर्नलची आवृत्ती, उपकरण जोडल्यापासूनचा संपूर्ण लॉग, आणि एलएसयूएसबी आज्ञेचे सविस्तर तसेच झाडाच्या आकारातले उत्तर. दुसरी तार, दुसरा पोर्ट आणि मध्ये हब नसताना काय होते, हेही विचारावे. पूर्वी चालत होते आणि आता चालत नाही, अशी तक्रार असेल तर तिला सर्वांत आधी हात घालावा, कारण वापरकर्त्याचे चालते काम मोडायचे नाही हा कर्नलचा मूलभूत नियम आहे. अशा वेळी गिट बायसेक्ट हा उत्तम उपाय : दोन लागोपाठच्या आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून अधिक बदल असले, तरी प्रत्येक चाचणीत शोधक्षेत्र निम्मे होत असल्याने साधारण चौदा चाचण्यांत दोषी बदल सापडतो. ज्या व्यक्तीने कधी कर्नल बांधलेला नाही, तिच्यासाठी मात्र हे काही दिवसांचे काम असते, याची जाणीव ठेवून शांतपणे एकेक पायरी समजावून सांगावी.

बसवर प्रत्यक्ष काय घडले हे पाहण्यासाठी यूएसबीमॉन आहे आणि त्याची नोंद वायरशार्कमध्ये उघडता येते. चालत्या आणि न चालत्या अशा दोन्ही नोंदी मागाव्यात; त्या शेजारी ठेवल्या की फरक बहुधा लगेच दिसतो. पण त्या बसवर कळफलक असेल तर टंकलेला पासवर्डही नोंदीत उतरतो, डिस्क असेल तर फाइलींचा मजकूर उतरतो. ही सूचना नोंद मागण्यापूर्वी देणे हे मेंटेनरचे कर्तव्य आहे.

उपकरण हाताशी नसताना ड्रायव्हर सांभाळता येतो का?

येतो, आणि बहुतेक मेंटेनरांना तसाच सांभाळावा लागतो. डमी_एचसीडी हा मॉड्यूल एकाच यंत्रात आभासी होस्ट आणि आभासी उपकरण तयार करतो. २०२० मध्ये ५.७ आवृत्तीत आलेल्या रॉ गॅजेटमुळे यूजरस्पेसमधून हव्या त्या, अगदी निरर्थक डिस्क्रिप्टरांचेही उपकरण उभे करता येते. सिझबॉट ही स्वयंचलित यंत्रणा याच साधनांनी ड्रायव्हरवर विचित्र उपकरणांचा सतत मारा करते आणि सापडलेले दोष कळवते. तिच्या अहवालांकडे कृत्रिम म्हणून दुर्लक्ष करू नये. कोणाच्याही यंत्रात कोणीही यूएसबी उपकरण खुपसू शकते, तेव्हा हा खराखुरा सुरक्षेचा प्रश्न आहे. दुरुस्ती प्रत्यक्ष उपकरणावर तपासलेली नसेल तर पॅचच्या वर्णनात तसे स्पष्ट लिहावे, आणि कोणी तपासून दिली तर त्या व्यक्तीचे नाव टेस्टेड-बाय या ओळीत आवर्जून द्यावे.

पॅच मुख्य कर्नलपर्यंत कसा पोहोचतो?

गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट पॅच कोणाकडे पाठवायचा ते सांगते आणि चेकपॅच ही स्क्रिप्ट मांडणीतले दोष दाखवते. पॅच साध्या मजकुराच्या ईमेलने जातो. साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ म्हणजे हा कोड देण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे दिलेले प्रमाणपत्र असते. ती नसेल तर पॅच घेतला जात नाही. दोष कोणत्या जुन्या बदलामुळे आला हे माहीत असल्यास फिक्सेस या ओळीत त्या कमिटच्या आयडीचे किमान पहिले १२ अक्षरांक आणि शीर्षक द्यावे.

यूएसबी उपप्रणालीचे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन आहेत. सीरियल ड्रायव्हर, एक्सएचसीआय (होस्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर) अशा भागांचे मेंटेनर स्वतंत्र आहेत. नवी वैशिष्ट्ये पुढच्या आवृत्तीच्या शाखेत जातात आणि तातडीच्या दुरुस्त्या चालू आवृत्तीच्या शाखेत. साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. त्यातले पहिले दोन आठवडे मर्ज विंडोचे, म्हणजे नवे बदल मुख्य शाखेत घेण्याचे, असतात आणि त्या काळात नवा पॅच पाठवून उत्तराची घाई करू नये.

स्टेबल आवृत्त्यांत काय पाठवावे?

स्टेबल म्हणजे प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांच्या फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या शाखा. तिथे पाठवावी ती खऱ्या वापरकर्त्याला त्रास देणाऱ्या दोषाची दुरुस्ती, जी मुख्य शाखेत आधीच गेलेली आहे आणि संदर्भासह १०० ओळींपेक्षा मोठी नाही. नवे आयडी आणि क्वर्क यांनाही तिथे परवानगी आहे, ही फार उपयुक्त सवलत आहे. नवे उपकरण विकत घेतलेल्या माणसाला त्याच्या वितरणाच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही. कोडची साफसफाई मात्र स्टेबलकडे पाठवू नये.

कर्नलची अंतर्गत फंक्शने वारंवार बदलतात. हे टाळता येणार नाही का?

टाळू नये. यूजरस्पेससाठीचा इंटरफेस स्थिर ठेवण्याचे वचन कर्नल देतो, अंतर्गत रचनेविषयी असे वचन देत नाही. जो अंतर्गत फंक्शन बदलतो, त्याने झाडातले, म्हणजे कर्नलच्या मुख्य कोडसंग्रहातले, सगळे ड्रायव्हर त्याच वेळी बदलून द्यायचे असतात. म्हणजे मुख्य झाडात असलेल्या ड्रायव्हरच्या मेंटेनरवर या बदलांचा बोजा थोडा पडतो. झाडाबाहेर ठेवलेल्या ड्रायव्हरला तो सगळा एकट्याने वाहावा लागतो. मेंटेनरने असे सामूहिक पॅच आपल्या ड्रायव्हरपुरते तरी लक्षपूर्वक वाचावेत. यांत्रिकपणे केलेल्या बदलांत कम्प्लिशन हँडलरमध्ये झोपणारे फंक्शन शिरल्याची उदाहरणे घडतात, आणि ते ओळखू शकणारा एकमेव माणूस बहुधा तोच असतो.

वापरात नसलेला ड्रायव्हर केव्हा काढावा?

वापरकर्ते उरलेले नाहीत याचा विश्वासार्ह अंदाज आल्यावर. वायरलेस यूएसबीचा आधार आधी स्टेजिंगमध्ये (कर्नलच्या अपुऱ्या दर्जाच्या कोडच्या विभागात) हलवला गेला आणि २०२० मध्ये काढला गेला, कारण ते हार्डवेअर बाजारातून केव्हाच गेले होते. परंतु मोजमापाची उपकरणे, वैद्यकीय यंत्रे आणि उद्योगांतले नियंत्रक वीस वर्षेही वापरात राहतात, आणि त्यांचे वापरकर्ते सहसा काही बोलत नाहीत. त्यांच्या दृष्टीने सर्व काही ठीक चाललेले असते. ड्रायव्हर सांभाळायला अवघड झाला आहे, एवढे कारण माझ्या मते पुरेसे नाही. त्यातले दोष दुरुस्त करण्याजोगे असतील तर आधी ते करावेत.

नव्या माणसाने सुरुवात कोठून करावी?

स्वतःकडे असलेल्या एखाद्या उपकरणाच्या ड्रायव्हरपासून. त्याचा गिट इतिहास पहिल्या कमिटपासून वाचावा. कोणते दोष पुन्हा पुन्हा आले हे त्यातून जितके कळते तितके कोड वाचून कळत नाही. मग उपकरण चालू असताना ते ओढून काढावे, मॉड्यूल उतरवावे, यंत्र निजवून उठवावे आणि मेमरी आणि लॉक यांतले दोष पकडणारी केसॅन व लॉकडेप ही साधने चालू असलेल्या कर्नलवर हेच पुन्हा करावे. त्यातून काही ना काही निघतेच. त्याच बरोबर इतरांचे पॅच तपासायला लागावे, कारण तपासणाऱ्यांची चणचण लिहिणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

मेंटेनरला हे काम सोडायचे असेल तर?

मेंटेनर्स या फाइलमधली आपली नोंद बदलणारा पॅच पाठवावा. नियमितपणे पॅच तपासणारी एखादी व्यक्ती तयार असेल तर तिचे नाव सुचवावे. कोणी नसेल तर स्थिती ऑर्फन (बेवारस) अशी लिहावी. अर्धवट राहिलेल्या तक्रारी, आपल्याकडची दस्तऐवजे आणि शक्य असल्यास चाचणीची उपकरणेही पुढच्या व्यक्तीकडे सोपवावीत. उत्तर न देणारे नाव त्या फाइलमध्ये राहिले, तर पॅच पाठवणारे त्याची वाट पाहत थांबतात आणि दुसरे कोणी ते काम हाती घेत नाही.